चार बोटे वर

ज्ञानेश पाच दिवसांच्या निवडीसाठी गेला होता. तिसऱ्याच दिवशी सकाळी तो सातपूरच्या घरी परत आला. त्याने डावी बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि वडिलांपुढे हात धरला. दंडाच्या आतल्या अंगाला दोन इंचांचा निळसर त्रिशूळ होता.

“याच्यामुळे,” तो म्हणाला.

गोरक्षला अधिक समजावून सांगावे लागले नाही. तो कारखान्यात तपासणी विभागात होता. माप तपासायच्या गेजमध्ये बसला तर माल पास, नाही बसला तर भंगार, हा न्याय त्याने वीस वर्षे इतरांना लावला होता. लष्करी प्रबोधिनीचा नियम तितकाच कोरडा होता: कायमचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत, आतल्या बाजूस असेल तर चालते, दंडावर असेल तर उमेदवार बाद. लेखी परीक्षेतले गुण तिथे कुणी विचारलेही नाहीत. आणि पुढच्या परीक्षेला ज्ञानेश वयात बसत नव्हता.

दोन वर्षे गोरक्षने त्याला घडवले होते. पहाटे पाचला धावणे, हातात स्टॉपवॉच, भिंतीवर वजनाचा तक्ता. तक्त्याशेजारी समर्थचा गणवेशातला फोटो होता. समर्थ हा गोरक्षच्या बायकोचा, प्रतिभाचा, धाकटा भाऊ. तो सीमेवरून पेटीतून आला, त्यानंतर फोटोला हार चढला. धावून आल्यावर ज्ञानेशने मामाला सलाम करायचा, हा गोरक्षने घालून दिलेला शिरस्ता. प्रतिभा त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे.

नवस तिचा होता. लेखी परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा त्र्यंबकराजाला बोलून ठेवले आहे, पोराच्या हातावर त्रिशूळ गोंदवायचा, असे तिने जाहीर केले. गोरक्ष देव मानत नसे. तरी ऐन वेळी घरात कुरबुर नको, म्हणून तोही त्र्यंबकला गेला. गोंदणाऱ्याने मनगटाची आतली बाजू धरली होती. प्रतिभानेच हात वर सरकवला. तिथे नको, चारचौघांत दिसेल, असे म्हणून तिने कोपराच्या वर चार बोटे मोजली आणि ब्लाउजच्या कापडावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीने बारीक रेघ ओढून दिली.

“पावला तुझा देव,” गोरक्ष आता म्हणाला. “चार बोटं खाली असतं, तर पोरगा आज आत असता.”

“चुकलं माझं,” प्रतिभा म्हणाली. “मला मेलीला असले नियम काय ठाऊक?”

परीक्षेची सूचना घरी आली, तेव्हा तिने ती वाचायला मागितली होती. ती काय पोथी आहे का तुला कळायला, असे गोरक्षच हसून म्हणाला होता. आणि त्याने तरी काय वाचले? उंची, वजन, दृष्टी. जिथे आकडे होते तेवढीच पाने. बाकीचा मजकूर त्याने सोडून दिला होता.

ज्ञानेश आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. प्रतिभा त्याच्या उशाशी बसली. तिचा हात त्याच्या केसांतून फिरत राहिला.

गोरक्षने परीक्षेच्या सूचनेची फाइल काढली. चूक नेमकी कुठे झाली, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एकेचाळिसाव्या पानानंतर त्रेचाळिसावे होते. छापून देणाऱ्या दुकानदाराला त्याने मनातल्या मनात शिवी हासडली. हरवलेल्या पानाचा आकडा टिपून ठेवावा, म्हणून पेन्सिल शोधायला त्याने शिलाई मशीनचा खण उघडला.

निळी पेन्सिल वरच होती. तिच्याखाली चार घड्या घातलेले बेचाळिसावे पान. गोंदणाच्या नियमाखाली पट्टीने मारावी तशी सरळ निळी रेघ होती. समासात, मापांच्या चिठ्ठीवर प्रतिभा घालते तशी तारीख होती, त्र्यंबकला गेले त्याच्या आदल्या दिवसाची. आणि तिच्या वळणदार अक्षरात एवढेच: ‘मनगट चालते. दंड नाही.’