विषय: पगारवाढ न मिळणेबाबत

“मालक, माझी तेवढी वाढ काढून घ्या,” इस्त्रीवाली म्हणाली, आणि टेबलावरच्या पगाराच्या कागदावर तिने हात आडवा धरला, भरल्या ताटावर धरावा तसा.

धुलाईखान्याच्या मालकाने कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं, परत कानावर लावली. या खोलीत पगार वाढवा म्हणून माणसं रडली होती, भांडली होती. एकाने तर म्हणे सासूला आणून या टेबलावर बसवलं होतं आणि वाढ मिळेपर्यंत उचलली नव्हती. पण वाढ परत करायला आलेलं हे पहिलंच माणूस. बाहेरच्या वाफेच्या यंत्रानेसुद्धा त्या वेळी सुस्कारा सोडला आणि चांगला मिनिटभर श्वास परत आत घेतला नाही.

मालकाला पहिला संशय आला तो पलीकडच्या गल्लीतल्या धुलाईखान्याचा. तिकडे निघालीस का, म्हणून त्याने विचारलं. ती नाही म्हणाली. मग कुणी टोचून बोललं का, घरी काही झालं का, मी काही कमी दिलं का. कमी दिलं असतंत तर बरं झालं असतं, असं ती पुटपुटली आणि मग एकदाचं सांगून टाकलं.

वय अडतीस, दिवसाला पाचशे चादरी आणि संध्याकाळी कॉलेज. इस्त्री फिरवता फिरवता ती धडे मोठ्याने घोकायची, त्यामुळे शेजारच्या दोघींना कॉलेजची पायरी न चढता अर्थशास्त्राचं पहिलं वर्ष तोंडपाठ झालं होतं. धुलाईखान्यात तिला कॉलेजकुमारी म्हणत. कॉलेजकुमारीची फी भरत होतं कॉलेजच, गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीतून. त्यासाठी दरवर्षी उत्पन्नाचा दाखला द्यायचा. उत्पन्न ठरलेल्या रेषेखाली असलं तर सगळी फी माफ. रेषेच्या वर गेलं की एक छदाम नाही. दोन वर्षं पार पडली होती, शेवटचं उरलं होतं. तेवढं एक वर्ष तिला त्या रेषेखाली मान वाकवून बसायचं होतं. आणि परवा मालकाने खुशीत येऊन, सगळ्यांसमोर, तिला वाढ जाहीर केली. त्या वाढीने ती रेषेच्या वर चालली होती. किती वर, तर साबणाच्या दोन वड्या येतील इतकी.

“अख्ख्या वर्षाची वाढ साठवली तरी एका सत्राची फी निघत नाही, मालक. मी घरी सगळं मांडून पाहिलं.”

घरी आणखीही बरंच मांडून झालं होतं, ते तिने सांगितलं नाही. वाढीची बातमी नेली त्याच संध्याकाळी लेकीच्या चष्म्याची काडी कुठल्या रंगाची घ्यायची यावर बापलेकींचं भांडण होऊन मिटलंही होतं. निळी ठरली होती.

मालक दुखावला. त्याने आयुष्यात मोजून तीन वेळा वाढ दिली होती. पहिली घेणारा महिन्याभरात काम सोडून गेला, दुसरा दारूला लागला, आणि तिसरी ही. तरी मनाने तो वाईट नव्हता. त्याने दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, की वाढ पाकिटात घालून देतो, कागदावर दाखवतच नाही.

तिच्या डोळ्यांसमोर निळी काडी आली, आणि गेली.

“दाखल्याच्या खाली मी सही करते,” ती म्हणाली. “वरची माहिती खरी आहे म्हणून. उद्या कुणी पाहिलं तर मागच्या दोन वर्षांचीही फी भरून घेतील.”

मालक वैतागला. इकडून जावं तर भिंत, तिकडून जावं तर भिंत, आणि ही बाई मधोमध हात जोडून उभी. “अगं, पण ही डिग्री तुला हवी तरी कशाला?”

“पगार वाढावा म्हणून.”

हसावं की हसू नये, हे दोघांनाही ठरवता येईना. तेवढ्यात बाहेर ओल्या चादरींची नवी गाडी आली आणि कुणीतरी कॉलेजकुमारीला हाक मारली. ती जागची हलली नाही.

शेवटी मालकाने एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. लेखी दे म्हणाला, कारणासकट. नाहीतर उद्या गावभर होईल की मालकाने गरिबाची वाढ खाल्ली.

ती उभ्यानेच टेबलावर वाकून लिहायला लागली. अर्ज लिहिण्यात तिचा हात कोण धरणार? फीसाठी, वह्यांसाठी, नवऱ्याच्या पाठीच्या उपचारासाठी, किती लिहिले त्याला गणती नव्हती. प्रति, महोदय, सगळं सुरळीत उतरलं. कारणापाशी मात्र पेन अडलं. तिने डोळे मिटले, तसा इतक्या वर्षांची सवय झालेला हात आपला आपण पुढे निघाला. पाहते तो ओळ पुरी झाली होती.

‘घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असल्यामुळे मला पगारवाढ देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.’

मालकाने ओळ दोनदा वाचली. कुठेतरी चूक होती खास, पण बोट ठेवायला जागा सापडेना. त्याने शिक्का उचलला, त्यावर तोंडाची वाफ दिली आणि त्या ओळीवरच ठोकला. मंजूर.