सही करणाऱ्याची जागा

अवकाशयान ज्या गावावरून उतरायचं, त्या गावाच्या पारावर परवान्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यानं यान उतरेपर्यंत बसायचं, असा कायदाच होता. शाल्मली देवस्थळी दर वेळी लेकीला घेऊन करंजटोल्याला येई. आज ती एकटीच आली होती. आज उतरणाऱ्या रिकाम्या मालवाहू यानाच्या उष्णतारोधक कवचाबद्दल तिला एक शंका होती. ती गिळून तिनं सही केली होती.

"पोरीला नाई आणलं का या खेपेला?" सरपंच गिरजाबाई मडावींनी चहा पुढे करत विचारलं.

"शाळा आहे तिला."

"आयतवारी शाळा?"

शाल्मलीनं कप खाली ठेवला. गिरजाबाई हसल्या नाहीत. "आमचे तं सारे लेकरं इथंच हायेत, मॅडम."

फोन वाजला. यानाच्या कंपनीचा माणूस घाईत होता. "यान खाली आणायला इंजिन पेटवतोय, मॅडम. शेवटचा होकार द्या."

"नाही. परवाना रद्द. यान वरच राहू द्या."

"अहो, आत्ता? कारण काय लिहू?"

शाल्मलीनं गिरजाबाईंकडे पाहिलं.

"लिहा, सही करणारीला भीती वाटते."