फक्त-दाखव

या, असे जवळ सरकून बसा. दोन रेघांनी एक घर कसं सावरलं, त्याची गोष्ट सांगतो.

नवऱ्याच्या आजारपणाच्या आठवणी साताऱ्याच्या इंदुमतीबाईंना झोपू देत नव्हत्या. आठवणी पुसणारी यंत्रं तेव्हा घरोघरी आली होती. लेक गार्गीने आईच्या कपाळाला पट्टी बांधली आणि आज्ञा टाइप केली: पूस, गेलं वर्ष. पुढे दोन आडव्या रेघा देऊन शब्द जोडला: फक्त-दाखव.

"ह्या रेघोट्या कशाला गं?"

"आई, याने खरं काही पुसलं जात नाही. पुसल्यावर कसं वाटेल, तेवढं मिनिटभर कळतं. आमच्या संगणकाच्या कामातली शिस्तच आहे ही."

"शिस्तीची मोठी!"

गार्गीने कळ दाबली. बाईंच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. किती दिवसांनी त्या मोकळं हसल्या! मग आतल्या खोलीकडे वळून त्यांनी हाक मारली, "अहो, येताय ना? चहा निवतोय तुमचा!"

गार्गीच्या ध्यानात आलं. आजारपणाबरोबर बाबांचं जाणंही पुसलं गेलं होतं.

मिनिट सरलं. बाईंना सगळं आठवलं, आपली हाकसुद्धा. लेकीला कुशीत घेऊन त्या म्हणाल्या, "राहू दे गं, गार्गे. रडेन मी, पण जन्मभर त्यांची वाट बघायला नको लावूस."

आधी दाखव, मग कर, ही रीत फार जुन्या संगणकांच्या काळातली. कुणा भल्या जिवाने ती पाडली, कोण जाणे. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या बिननावाच्या माणसाचीही आठवण काढा, एवढंच मागणं.