जावेचं विरजण

दवाखान्यातल्या जिवाणू-पेढीच्या भिंतीवर ‘उत्तम दाता’ म्हणून धाकट्या जावेचा, रेवतीचा, फोटो पाहून मालिनीचा जळफळाट झाला. ही नुसत्या पाण्यानं धुणारी! आणि आपण रोज आतपर्यंत सुगंधी वॉश वापरूनही आपल्यालाच वर्षात चौथा संसर्ग?

“त्या वॉशनंच योनीतले चांगले जिवाणू मेले,” डॉक्टर म्हणाल्या. “तो बंद करा. दुधाला विरजण लावतात, तसे नवे जिवाणू सोडू. तुम्हाला जुळणारे फक्त रेवतीबाईंचे आहेत.”

मालिनीनं जावेकडून कधी दह्याचं विरजणही मागितलं नव्हतं. “तिला विचारू नका हं,” ती पुटपुटली.

“विचारायचं कशाला? ‘जाऊबाई मागायच्या नाहीत, त्यांच्यासाठी राखून ठेवा,’ असं त्या स्वतःच सांगून गेल्यात.”

मालिनीनं पुन्हा फोटोकडे पाहिलं. मेली, चांगुलपणातही पहिला नंबर हिचाच!