बाबांसाठी नितळ पाणी

बाबांच्या श्राद्धाला चौरंगावर भाताचा एक वाडगा, सूपचा एक, भाजलेले तीन मासे आणि पाण्याचा एक वाडगा मांडला होता. कोरियात, देगू शहरातल्या आमच्या विहिरीत कापड रंगवण्याच्या कारखान्याचं सांडपाणी मुरतं, म्हणून गेली दोन वर्षं आईने त्यांना निळसर पाणीच वाढलं होतं. "विहीर त्यांनी खणली, दुसरं पाणी ते पिणार नाहीत," असं म्हणायची.

यंदा मी प्रयोगशाळेतून सच्छिद्र सिलिकाची पूड आणली आणि विहिरीचं पाणी तिच्यातून गाळलं.

"पाण्याला वाळू पाजतेस होय गं?" काका हसले.

"हसा, काका. हिच्या कणाकणात भोकं आहेत, त्यांत रंग अडकून बसतो." वाडग्यातलं पाणी मी हातातल्या छोट्या यंत्रात तपासलं. रंग शून्य.

आईने डोळे पुसले. "जन्मभर त्या कारखान्यात राबले. निळी बोटं घेऊन जेवायला बसायचे, तीच पाण्यात बुडवायचे. मी ओरडायची, अहो, आधी हात धुऊन या! आज तरी नितळ पाणी पिऊ देत."

रिवाजाप्रमाणे बाबांना निवांत जेवता यावं म्हणून आम्ही तिघंही बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. नऊ घास होतील एवढा वेळ गेल्यावर काका तीनदा खाकरले आणि त्यांनी दार उघडलं.

आई वाडग्यापाशी थबकली. "गारम, परत तपास."



निळा रंग, लिटरमागे तीन मिलिग्राम.