आधी तुम्ही

स्कॉटलंडचा उत्तर किनारा. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला समुद्र, मधे एका गाडीपुरता रस्ता. समोरून कुणी आलं की कडेच्या खाचेत थांबून वाट द्यायची, ही तिथली रीत. एकटीच भटकायला निघालेली मी थांबले. समोरचाही थांबला. मी दिवे मिचकावले. त्यानेही मिचकावले.

शेवटी कानटोपी-मफलरात गुंडाळलेले आम्ही दोघं वैतागून उतरलो.

“प्लीज, यू फर्स्ट,” मी हसून म्हणाले.

तो वळून पुटपुटला, “काय बावळट बाई आहे!”

“बावळट कोणाला म्हणता?”

तो दचकला. “पुण्याच्या का? मी बिबवेवाडीचा. मला वाटलं, गोरी मॅडम.”

“म्हणजे कोथरूडची मी, इतका वेळ बिबवेवाडीला वाट देत होते?”

दोघंही तरातरा गाडीत बसलो आणि एकदमच निघालो. आता मधोमध बॉनेटला बॉनेट लावून उभे आहोत. मी काही मागे घेणार नाही.