रोवलं त्याले पाणी

अमडापूरचे गुलाबराव मास्तर टॉर्चचा बल्ब पेटेल एवढ्याशा विजेवर थेट सिलोनशी बोलायचे. साल चौसष्ट. घरी जोडलेला बिनतारी संच, लिंबाला ताणलेली लांब तार आणि अर्थिंगसाठी अंगणात पुरलेली तांब्याची सळई, एवढाच त्यांचा पसारा. पण चार दिवस झाले, सिलोनमधल्या कँडीच्या मित्राला त्यांची मोर्सची टकटक ऐकूच जाईना. मास्तरांनी तार खाली-वर केली, लिंबावर चढून गुडघे सोलून घेतले. काही फरक पडला नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळच्या एसटीने त्यांची बायको जनकाबाई माहेराहून आल्या. बोचकं ओट्यावर ठेवलं आणि आधी बादलीभर पाणी सळईच्या बुडाशी ओतलं.

"अवं, हे काय करून राह्यली?"

"रोजच तं टाकत होती मी! तुमी रोवून मोकये झाले. जमिनीत रोवलं त्याले पाणी नाही लागत का?"

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तार चांगलीच होती. सुकली होती ती सळईभोवतीची माती. ते धावतच आत गेले.

कँडीहून लगेच उत्तर आलं, 'आज आवाज खणखणीत! काय बदललं?'

मास्तर बराच वेळ टकटक करत राहिले.

"एवढं काय सांगतलं त्याले?" जनकाबाईंनी दारातून विचारलं.

"तुह्यं नाव."

उभ्या जन्मात कागदावर फक्त अंगठा उठवलेल्या जनकाबाईंचं नाव त्या घटकेला समुद्रापलीकडचा एक माणूस एकेक अक्षर ऐकून वहीत लिहून घेत होता.